किल्ली कोणाच्या कमरेला?

नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या बाजारपेठेत मोबाईल दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर रबरी चटई, हॉट एअरची बंदूक, मल्टिमीटर, भिंग आणि पाठीमागे टांगलेले कव्हरांचे गठ्ठे. गेल्या पावसाळ्यात लाइट गेली होती म्हणून मी तिथे बराच वेळ बसून होतो. काही शोधताना दुकानदाराने टेबलाचा खालचा खण उघडला. आत वीस-पंचवीस फोन होते. प्रत्येकाला रबरबँडने बांधलेली एक चिठ्ठी, चिठ्ठीवर गावाचं नाव. "हे सगळे चांगले आहेत," तो म्हणाला. "डिस्प्ले चांगला, बॅटरी चांगली, बोर्ड चांगला. फक्त उघडत नाहीत."

त्यातला एक फोन घेऊन आलेली बाई त्याच दुपारी पुन्हा आली होती. आवणीचे दिवस होते, पायाला चिखल तसाच होता. फोन सारखा अडकतो म्हणून नातवाने तो रीसेट मारला. फोन कोरा झाला आणि कोरा झाल्यावर त्याने विचारलं, याच्या आधी या फोनवर जे गूगल खातं होतं ते टाका. दुकानदाराने तिला परत विचारलं, "मावशी, जीमेल कोणी टाकला होता?" ती म्हणाली, "ते मला काय ठावं, दादा? पिंपळगावला घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने काय काय दाबलं होतं."

द्राक्षाच्या बागेत छाटणीला गेली असताना मजुरीच्या पैशांतून तिने तो फोन घेतला होता. पैसे तिचे, पावती तिच्याकडे, फोन तिच्या हातात. आणि फोन तिला ओळखत नव्हता.

हे कुलूप 2015 साली अँड्रॉइडच्या 5.1 या आवृत्तीबरोबर आलं. हेतू चांगला होता. चोरलेला फोन रीसेट करून विकता येऊ नये, म्हणून आधीचं खातं कळल्याशिवाय तो सुरूच होणार नाही अशी ती तजवीज. चोराला अडवणारं कुलूप मला मान्य आहे. घराला कुलूप असावंच. पण मराठी घरात कुलपाबरोबर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, आणि तो घरधनिणीच्या कमरेला असतो. कुलूप तिच्या दाराला आणि किल्ली परगावच्या माणसाच्या कमरेला, असं झालं तर त्या घरात ती मालकीण म्हणून राहत नाही. या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे. रोजच्या वापरातल्या वस्तूंमध्ये आता जो प्रोग्राम बसवलेला असतो, तो उघडून पाहण्याची, बदलण्याची, निदान बंद करण्याची किल्ली वस्तू विकत घेणाऱ्याकडे असली पाहिजे. ती न देता वस्तू 'विकली' असं म्हणणं हे खोटं बोलणं आहे आणि ते खोटं गरिबाला सर्वांत महाग पडतं.

पेठसारख्या तालुक्यात हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. कसणारा एक आणि कागदावर मालक दुसरा, हे इथल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या भोगलं आहे. नागली-वरईचा उतार आजोबांनी फोडला, बापाने बांध घातले, नातू नांगरतो आहे. सातबारा मात्र वनखात्याचा. 2006 चा वनहक्क कायदा झाला तो या तफावतीवर. तरी पट्टे अडकले, म्हणून मार्च 2018 मध्ये किसान सभेच्या लाल झेंड्याखाली हजारो माणसं 6 तारखेला नाशिकहून निघाली आणि पायांना फोड आलेल्या अवस्थेत 12 तारखेला मुंबईच्या आझाद मैदानावर पोचली. त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरीचे कोकणा, महादेव कोळी, वारली मोठ्या संख्येने होते. ज्याला कसता येतं पण विकता, तारण ठेवता, पोरांच्या नावे करता येत नाही, त्याला वहिवाट आणि मालकी यांतला फरक कळतो. फोनच्या बाबतीत मात्र आपण सगळेच, शहरातले शिकलेलेसुद्धा, वहिवाटदार आहोत आणि ते आपल्या लक्षात आलेलं नाही. सुरुवातीला पडद्यावर कित्येक पानांचा मजकूर येतो, बहुतेक वेळा इंग्रजीत. तळाला 'मान्य' असं बटण. त्या मजकुरात स्वच्छ लिहिलेलं असतं की यंत्रातला प्रोग्राम तुम्हाला विकलेला नाही, तो वापरण्याची फक्त परवानगी दिली आहे आणि ती काढून घेता येते. काच, धातू, बॅटरी तुमची. ज्याच्यामुळे ती काच फोन होते, ते तुमचं नाही.

त्या परवानगीची दोरी किती घट्ट असते ते हप्त्यावर घेतलेल्या फोनवरून दिसतं. अशा कित्येक फोनमध्ये विकतानाच एक प्रोग्राम घातला जातो. हप्ता चुकला की दूर कुठेतरी कोणीतरी बटण दाबतं आणि फोनला कुलूप लागतं. कर्ज बुडवू नये हे खरं. पण सावकाराला कर्जदाराच्या घरात शिरून चूल विझवण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला? आज फोन ही चूलच आहे. बागेत कामाला कधी यायचं ते मुकादम त्यावर कळवतो, मजुरीचे पैसे त्यावर जमा होतात, आजारी माणसासाठी 108 ची गाडी त्याच्यावरूनच बोलावायची असते. सावळघाट, कोटंबी घाट ओलांडून नाशिकला जायला सुमारे 55 किलोमीटर पडतात. फोन बंद पडलेल्या माणसासाठी ते अंतर दुप्पट होतं.

जिओफोनचं उदाहरण मला नेहमी अस्वस्थ करतं, कारण त्यात वाईट हेतू शोधायला जावं तर सापडत नाही. 2017 साली 1500 रुपयांच्या अनामतीवर तो आला आणि ज्या घरांत आधी इंटरनेट पोचलंच नव्हतं तिथे पोचला. हे काम मोठं होतं. त्यातली कायओएस ही प्रणाली उगवली ती मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून, म्हणजे जगभरच्या माणसांनी उघड्यावर लिहिलेल्या, कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा अशा मुक्त सॉफ्टवेअरमधून. पेठच्या बाईच्या हातात पडेपर्यंत त्या मुक्त गोष्टीला दोन कुलपं लागली होती. दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालत नव्हतं आणि कंपनीच्या ॲप-दुकानाबाहेरचा प्रोग्राम त्यात घालता येत नव्हता. मग जून 2024 पासून त्या प्रणालीवर नव्याने व्हॉट्सॲप घेता येईना. फोनची बटणं शाबूत, बॅटरी शाबूत. आतलं जग दुसऱ्याने आवरून नेलं. फोन उघडता आला असता तर नाशिकच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या चार पोरांनी त्याचं काहीतरी केलं असतं. एखादा कोकणा बोलीतला शब्दकोश, एखादं पावसाचं नोंदयंत्र, निदान शाळेतल्या मुलांना खेळायला काहीतरी. आता तो भंगारवाल्याच्या गोणीत जातो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. सोर्स कोड उघडा करून या बाईला काय मिळणार? तिला अक्षर ओळखायला येत नाही, कोड कुठून वाचणार? शहरातले मित्र मला हे विचारतात तेव्हा मी त्यांना जात्याची आठवण करून देतो. नागली दळून दळून जात्याची तळी गुळगुळीत होते, मग टाकी लावणारा यायचा. छिन्नी-हातोडीने तो दगडाला पुन्हा धार द्यायचा. दळणाऱ्या बाईला टाकी लावता येत नव्हती. पण जातं तिचं होतं, म्हणून टाकी कोणाकडून लावून घ्यायची ते ती ठरवायची. एक टाकीवाला महाग वाटला तर दुसरा. जात्याच्या दगडात कोणी अशी युक्ती केली असती की अमुक गावच्या पाथरवटाने हात लावला तरच ते फिरेल, तर तिला लगेच कळलं असतं की आपल्याला फसवलं. वाचता येणं आणि वाचून घेता येणं, या दोन गोष्टी आहेत. सातबारा तरी किती जणांना नीट वाचता येतो? म्हणून तो तलाठ्याच्या कपाटात कुलूपबंद ठेवावा असं कोणी म्हणत नाही. तो उघडा आहे म्हणून गावातला एखादा शिकलेला पोरगा, एखादा कार्यकर्ता, एखादा वकील तो वाचून सांगतो आणि चूक सापडते. स्वातंत्र्य वापरणारा गावात एक जरी असला तरी त्याची सावली सगळ्या गावाला मिळते.

रिचर्ड स्टॉलमन यांची गोष्ट संगणकवाल्यांना पाठ असते. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यांनी स्वतः सोय करून घेतली होती की कागद अडकला तर वाट पाहणाऱ्यांना निरोप जावा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मागितला तर मिळाला नाही. त्या नकारातून 1983 साली ग्नू प्रकल्पाची घोषणा झाली आणि मुक्त सॉफ्टवेअरचा विचार उभा राहिला. मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते असं की मागणी फार छोटी होती. अडकलेला कागद कळावा, एवढीच. पेठच्या टेबलावर येणाऱ्या मागण्या त्याहून मोठ्या नाहीत. फोन उघडावा. नवा डिस्प्ले बसवल्यावर फोनने तो नाकारू नये. फोटो जाऊ नयेत.

अंगणवाडीचं जे झालं ते मात्र छोटं नव्हतं आणि त्यावर थोडं थांबून बोललं पाहिजे.

सेविकांना सरकारने स्मार्टफोन दिले होते, दोन जीबी रॅमचे. मार्च 2021 मध्ये केंद्र सरकारचं 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आलं. गरोदर आणि स्तनदा माता, 6 वर्षांखालची मुलं, त्यांची वजनं, उंच्या, दिलेला आहार, सगळं त्यात भरायचं. जुन्या फोनवर ॲप नीट चालेना. फोन तापायचे, अडकायचे, बंद पडायचे. वॉरंटी संपली होती आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर येत होता. भर म्हणजे माहिती इंग्रजीत भरायची होती. ज्या सेविकेने पंचवीस वर्षं मराठीत रजिस्टरं लिहिली, पाड्यावरच्या प्रत्येक मुलाचं नाव, आईचं माहेर, कितवं बाळंतपण हे जिला तोंडपाठ, ती एका रात्रीत अडाणी ठरली. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रभर हजारो सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन फोन परत केले. भाषेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी 2023 च्या संपातही चांगल्या मोबाईलची मागणी होतीच.

वर्तमानपत्रांत हे मानधनाच्या आणि भाषेच्या भांडणासारखं छापून आलं. ते तसं होतंही. पण मला त्यात यंत्राबद्दलचा फार मोठा नैतिक निर्णय दिसतो. ज्या यंत्रात आम्हाला काही बदलता येत नाही, ज्याची भाषा आम्ही ठरवत नाही, ज्याचा बिघाड आमच्या पगारातून जातो, ते यंत्र आमचं नाही; हे घ्या. त्या बायकांनी तत्त्वज्ञान न वाचता तत्त्वज्ञानाचा प्रश्न विचारला. रजिस्टरमध्ये चूक झाली तर सेविका रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायची, बाजूला सही करायची. रकाना कमी पडला तर पट्टीने नवा आखायची. आईचं नाव बोलीत होतं तसं लिहायची. ती रेघ, तो रकाना, ती सही म्हणजे तिची अक्कल होती आणि तिची जबाबदारीही. ॲपमध्ये रकाना तिला आखता येत नाही. तालुक्याला विचारावं तर तालुका म्हणतो, वरून आहे. जिल्हा म्हणतो, वरून आहे. 'वरून आहे' या दोन शब्दांत या तालुक्याचा अर्धा इतिहास सांगता येईल.

आता तर 1 जुलै 2025 पासून घरी न्यायचा आहार देताना चेहरा ओळखण्याची सक्ती आली. आईने पाड्यावरून चालत यायचं, सेविकेने फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरायचा, रेंज असली तर फोनने हो किंवा नाही म्हणायचं. 'नाही' आलं तर का आलं? उजेड कमी होता? आधारवरचा फोटो जुना आहे? बाळंतपणानंतर चेहरा उतरला? की प्रोग्राममध्येच काही खोट आहे? समोर उभ्या असलेल्या दोघींनी एकमेकींना लहानपणापासून ओळखलेलं असतं. ओळख नाकारणारा मात्र कारण सांगत नाही. राज्यकारभारात कारण न देता दिलेल्या नकाराला आपण मनमानी म्हणतो. तहसीलदाराने अर्ज फेटाळला तर त्याला कारण लिहावं लागतं. यंत्राला का नको?

सरकार सांगू शकतं की सुरक्षिततेसाठी गुप्तता लागते. या सबबीला सरकारनेच उत्तर देऊन ठेवलं आहे. करोनाच्या काळात आरोग्य सेतू ॲपवर संशय घेतला गेला तेव्हा 26 मे 2020 रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड खुला केला आणि चुका शोधणाऱ्यांना बक्षीस जाहीर केलं. शिक्षक वापरतात त्या 'दीक्षा' ॲपच्या मुळाशी सनबर्ड हे खुलं सॉफ्टवेअर आहे. सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण केंद्राने 2015 सालीच केलं. मग ज्या ॲपवर मुलाच्या तोंडातला घास अवलंबून आहे ते बंद का? माहिती अधिकाराच्या कायद्यात व्यापारी गोपनीयतेचा अपवाद आहे, पण व्यापक जनहित मोठं असेल तर तोही बाजूला ठेवता येतो असं त्याच कलमात लिहिलं आहे. केंद्राच्या 2005 च्या कायद्याआधी महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. दप्तर उघडायला लावणारं हे राज्य आहे. प्रोग्राम हे आजचं दप्तर आहे.

बंद पेटीवर विश्वास ठेवा असं सांगणाऱ्यांना मी फोक्सवॅगनची आठवण देईन. डिझेल गाड्यांच्या इंजिनातल्या प्रोग्रामला चाचणी चालू आहे हे ओळखता येत होतं. चाचणीत तो धूर आवरायचा, रस्त्यावर सोडून द्यायचा. सप्टेंबर 2015 मध्ये हे अमेरिकेत उघड झालं तेव्हा जगभर सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत तो असल्याचं कंपनीला कबूल करावं लागलं. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने चाचण्या घेतल्यावर डिसेंबर 2015 मध्ये सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची वेळ आली. चाकणला ज्या कंपनीचा कारखाना आहे तिची ही गोष्ट. वर्षानुवर्षं जगातल्या प्रयोगशाळा त्या गाड्या बाहेरून तपासत राहिल्या. आतला प्रोग्राम वाचता आला असता तर हे इतकी वर्षं लपलं असतं असं मला वाटत नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात, आम्ही संशोधनावर पैसा ओतला, उघडं केलं तर उद्या कोणीही नक्कल करेल. नक्कल अडवायला स्वामित्वहक्काचा कायदा आहे, पेटंट आहे. त्यांनी ते खुशाल वापरावेत. पुस्तकावर लेखकाचा हक्क असतो, तरी पुस्तक उघडून वाचता येतं. समासात पेन्सिलीने लिहिता येतं, फाटलेलं पान चिकटवता येतं. किर्लोस्करांचं तेलाचं इंजिन महाराष्ट्रभर पसरलं ते गावोगावच्या फिटरने ते खोललं, बसवलं, बिघडवलं, पुन्हा बसवलं म्हणून. त्या फिटरांनी किर्लोस्करांना बुडवलं नाही. सौर पंपाचा कंट्रोलर आज तसा खोलता येत नाही. सौर पंपाच्या सरकारी योजनेत आदिवासी शेतकऱ्याने फक्त 5 टक्के हिस्सा भरायचा आणि पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराने करायची, ही सोय चांगलीच आहे. पण सहाव्या वर्षी काय? पुरवठादार धंदा बंद करून गेला तर त्या पेटीतला प्रोग्राम कोणाला माहीत असेल? पत्र्याच्या पेटीवर ऊन पडत राहील आणि विहिरीतलं पाणी विहिरीत.

मराठी वाचकाला खरं तर हे कळायला इंजिन-पंपापर्यंत जाण्याची गरज नाही. 1990 च्या दशकात आपली सगळी छपाई संगणकावर गेली ती श्रीलिपी, आकृती अशा फाँटांवर. त्या मंडळींनी देवनागरीसाठी तेव्हा जे केलं ते दुसरं कोणी करत नव्हतं, त्याचं ऋण मान्य आहे. पण प्रत्येकाने अक्षरांना स्वतःचे सांकेतिक आकडे दिले आणि प्रोग्राम चालवायला संगणकाच्या पाठीमागे एक डाँगल, म्हणजे अक्षरशः कुलूप लावायचं. तो डाँगल हरवला, कंपनीने आवृत्ती बदलली की फाइल उघडल्यावर पडद्यावर रोमन लिपीतला कचरा. कित्येक पुस्तकांचा, दिवाळी अंकांचा मजकूर असा अडकला. लेखकाचं वाक्य लेखकालाच वाचता येईना. यातून सुटका केली ती युनिकोड या सगळ्यांसाठी खुल्या प्रमाणाने. आज पेठचा पोरगा फोनवर मराठीत लिहितो आणि ते नाशिकला, न्यूजर्सीला तसंच्या तसं उमटतं. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाच्या मंडळींनी 'मुक्ता', 'बलू' हे फाँट खुल्या परवान्याखाली दिले आणि ते हजारो ठिकाणी वापरले जातात. बंदिस्तपणाने आपल्या भाषेचं काय केलं आणि खुलेपणाने काय दिलं, हे आपल्या डोळ्यांदेखत घडलं आहे. तरीही आपण धडा घेतला नाही. केरळने 2000 च्या दशकातच शाळांमधलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. आपण लाखो मुलामुलींना एमएस-सीआयटी शिकवली, संगणकाची भीती घालवली, हे मोठंच. पण संगणक म्हणजे एका कंपनीच्या खिडक्या हेही त्याबरोबर मनात रुजलं.

कायदा आपल्या बाजूने नाही असं मात्र नाही. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने डिजिटल कुलूप तोडणं हाच गुन्हा ठरवला. शेतकऱ्याला स्वतःच्या ट्रॅक्टरचा प्रोग्राम उघडण्यासाठी 2015 साली वेगळी सवलत मिळवावी लागली. आपल्या स्वामित्वहक्क कायद्याचं 52 वं कलम यापेक्षा उदार आहे. प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणारा माणूस तो कसा चालतो याचा अभ्यास करू शकतो, दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती मिळवू शकतो. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न दिल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना 2500 कोटींहून अधिक दंड केला होता. 2022 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल काढलं. त्यात शेतीची अवजारं आणि मोबाईल दोन्ही आहेत. पण पोर्टलवर कंपन्यांनी आपल्या सेवा केंद्रांचे पत्ते द्यावेत एवढ्याने पेठचं काम होत नाही. अधिकृत सेवा केंद्र घाटापलीकडे आहे, म्हणून तर टेबलावरचा दुकानदार आहे. त्याला सुटा भाग हवा, सर्किटची आकृती हवी आणि त्या भागाला नाकारणारा प्रोग्राम गप्प करण्याचा अधिकार हवा. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने 2024 साली सुटे भाग प्रोग्रामने जखडण्यावर बंदी आणली. युरोपात 20 जून 2025 पासून विकल्या जाणाऱ्या फोनना पाच वर्षं प्रणालीच्या सुधारणा देणं बंधनकारक झालं. आपल्याकडेही सक्तीच लागेल. आणि एक कलम मी त्यात आग्रहाने घालेन: ज्या दिवशी कंपनी एखाद्या यंत्राला सांभाळणं सोडेल, त्या दिवशी त्याची किल्ली तिने लोकांच्या स्वाधीन करावी. मूल सांभाळायचं नसेल तर निदान दार लावून जाऊ नये.

हे सगळं होईपर्यंत दुकानदार काय करतो? यूट्यूबवर एखाद्या परक्या भाषेतला व्हिडिओ पाहतो, कुठूनतरी उतरवलेला प्रोग्राम लॅपटॉपवर चालवतो, फोनला चुकवून आत शिरायचा प्रयत्न करतो. 'सॉफ्टवेअर मारतो' असं त्या कामाला तो म्हणतो. कधी जमतं, कधी फोन कायमचा मरतो. त्या उतरवलेल्या प्रोग्रामात काय असेल हे त्यालाही ठाऊक नसतं. चोरीचा फोन कोणी आणून देईल आणि आपण अडकू ही धास्ती असते, म्हणून तो आधी पावती मागतो. त्याला मी चोरवाटेने जाणारा म्हणणार नाही. गावातला टाकीवाला आहे तो, फक्त त्याच्या हातातली छिन्नी काढून घेतली आहे.

त्या दिवशी लाइट आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्याने त्या मावशीच्या फोनवर दोन वेळा प्रयत्न केला. जमलं नाही. खात्याचं नाव कोणत्या अक्षरापासून सुरू होतं ते आठवतं का, असं त्याने विचारलं. तिने नातवाकडे पाहिलं, नातवाने मान हलवली. फोनमध्ये काय होतं असं मी विचारलं तर म्हणाली, धाकट्या सुनेचं लग्न आणि गेल्या साली गेलेल्या म्हाताऱ्याचा एक फोटो, तो नागलीच्या खळ्यावर बसलेला. दुसरीकडे नाही का? नाही. दुकानदाराने फोन पुसला, गावाच्या नावाची चिठ्ठी पुन्हा रबरबँडने बांधली. "टाकू नका, दादा," ती म्हणाली. "ऑक्टोबरला छाटणीला जाईन तेव्हा पिंपळगावच्या त्या पोराला विचारून येते." त्याने तो खणात ठेवला.